टाळ्या पडतात पण कुणी हलत नाही? लोकांना कामाला लावणारं भाषण कसं तयार करायचं, पायरी पायरीने

भाषण संपतं, टाळ्या पडतात, दोन-चार जण येऊन "काय बोललात हो" म्हणतात आणि नावनोंदणीच्या कागदावर बघावं तर तीन नावं, त्यातलं एक आपलंच. माझं हे दोनदा झालंय. दुसऱ्या वेळी तर भाषण खरंच रंगलं होतं, लोक हसले, एकीच्या डोळ्यात पाणी आलं, सगळं जिथल्या तिथे, फक्त फॉर्म वरच्या मजल्यावर राहिले होते.

बाकीच्यांची भाषणं तपासताना मला एकच घोळ परत परत दिसतो, तो म्हणजे क्रमाचा. आधी चटकदार सुरुवात शोधत बसतात, मग स्लाइड्स, मग सापडेल ती माहिती कोंबतात, आणि लोकांनी नक्की काय करायचं ते आदल्या रात्री साडेअकराला "चला तर मग, आपण सगळे मिळून..." असं काहीतरी लिहून उरकतात. ज्याच्यासाठी भाषण होतं त्यालाच सगळ्यात कमी वेळ. खालचा क्रम म्हणून मुद्दाम वेगळा ठेवलाय आणि तो तसाच पाळा, मधली पायरी गाळली की परत मागे यावं लागतंच.

उदाहरण एकच धरू. ऑफिसमधले साधारण ६० लोक, तुम्हाला ७ मिनिटं मिळालीयत, गुरुवारी रक्तदान शिबिर आहे आणि लोकांनी त्यासाठी नाव द्यायचंय. तुमचा विषय दुसरा काही असला तरी पायऱ्या याच. वेळ विचाराल तर ७ मिनिटांच्या भाषणाला मला सुटे सुटे मिळून पाच-सहा तास लागतात, चार-पाच दिवसांत पसरलेले. एका रात्रीतही होतं, पण मग पायरी २ बुडते आणि सगळा खेळ तिच्यावर आहे.

## पायरी १: एकच कृती ठरवा, जिचा फोटो काढता येईल

कागद घ्या आणि एक वाक्य लिहा: कोण, केव्हापर्यंत, कुठे, काय करणार. आता विचार करा की ती गोष्ट करणाऱ्या माणसाचा फोटो काढता येईल का. "जागरूक होणं" याचा फोटो निघत नाही. "पाठिंबा देणं", "गांभीर्याने विचार करणं", "आपली जबाबदारी ओळखणं" यांचाही नाही. "खुर्चीवर ठेवलेल्या कागदावर नाव लिहून वेळेपुढे खूण करणं" याचा निघतो.

दुसरं म्हणजे कृती एकच. मी एकदा एकाच भाषणात नाव द्या, ग्रुप जॉइन करा आणि घरी दोघांना तरी सांगा असं तिन्ही मागितलं होतं, वाटलं तेवढाच चॉइस मिळेल लोकांना. झालं काय, तर बहुतेकांनी त्यातलं सोप्यात सोपं म्हणजे ग्रुप जॉइन केला आणि आपलं काम झालं असं समजून निघून गेले. तीन मागण्या असल्या की माणूस त्यातली सगळ्यात स्वस्त उचलतो.

मागणीचा आकारही बघा. खरं काम गुरुवारी आहे, पण भाषण आज आहे, म्हणून आज मागायचं ते आज, याच खोलीत, दोन मिनिटांत पुरं होणारं पाहिजे. गुरुवारचं रक्तदान हे मोठं पाऊल आणि आत्ता वेळेवर खूण करणं हे त्याचं छोटं पाऊल. "गुरुवारी नक्की या" म्हणून सोडून दिलंत तर गुरुवारपर्यंत मध्ये तीन दिवस आहेत आणि तीन दिवसांत माणसं स्वतःचे वाढदिवस विसरतात.

तपासा: वाक्यात "आणि" आलाय का? आला असेल तर एक अर्धं खोडा. कोणतं ते ठरत नसेल तर स्वतःला विचारा, दुसऱ्या दिवशी एकच आकडा बघायला मिळणार असेल तर मला कशाचा बघायला आवडेल.

## पायरी २: समोरच्यांना काय अडवतंय ते त्यांनाच विचारा

ही पायरी दहातले नऊ जण गाळतात. कारण सोपं आहे, आपल्याला वाटतं आपल्याला माहितीच आहे.

समोर बसलेले लोक ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. काही आधीच तयार, त्यांना फक्त पेन हवंय. काही ठाम विरोधात, त्यांना ७ मिनिटांत तुम्हीच काय कुणीच वळवू शकत नाही. आणि मधले "हो, पण" वाले, यांची संख्या बहुतेक वेळा सगळ्यात मोठी असते आणि भाषण यांच्यासाठीच लिहायचं. नवखे लोक विरोधकांशी भांडण्यात वेळ घालवतात किंवा मग आधीच पटलेल्यांना परत पटवतात, कारण ते माना डोलावतात आणि ते बघून बरं वाटतं.

म्हणून भाषणाच्या तीन-चार दिवस आधी या मधल्यांपैकी चार-पाच जणांना गाठा, चहाच्या वेळी वगैरे, आणि "तुला काय वाटतं?" असं विचारू नका कारण त्यावर सगळे "चांगली कल्पना आहे" म्हणतात. विचारा, "समजा गुरुवारी शिबिर आहे आणि तू आला नाहीस, तर कशामुळे आला नसशील?" मग गप्प बसा आणि जे शब्द येतील ते जसेच्या तसे लिहून घ्या, आपल्या भाषेत सुधारून नाही.

आमच्याकडे आलेली उत्तरं ही अशी होती: "सुई बघितली की मला गरगरतं." "माझ्या गोळ्या चालू आहेत, चालतं का काय माहीत." "तीन वाजता कॉल असतो रोजचा." "नंतर अशक्तपणा आला तर गाडी कोण चालवणार." आणि एकजण म्हणाला, "मला आजपर्यंत कुणी विचारलंच नाही." आता बघा, यात कुणीही "रक्तदान का करायचं ते कळत नाही" असं म्हणालेलं नाही. रक्तदान चांगलं आहे हे सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे, आणि तरी शिबिरातली भाषणं निम्मी "रक्तदान हेच श्रेष्ठदान" यावरच संपतात. अडचण तीन वाजताच्या कॉलची आहे आणि भाषण दानाच्या महतीचं, मग कोण उठणार.

ही उत्तरं मिळाली की त्यातला सगळ्यात जास्त वेळा आलेला किंवा सगळ्यात भारी पडणारा एक अडथळा निवडा, फार तर दोन. भाषण त्याच्याभोवती बांधायचं.

तपासा: अडथळा एका वाक्यात लिहा, समोरच्याच्या तोंडी शोभेल असा. तुमचं वाक्य "लोकांना माहितीच नाही की..." असं सुरू होत असेल तर तुम्ही कुणाला विचारलेलं नाही, मनानेच लिहिलंय. परत जा.

## पायरी ३: सामान गोळा करा, मग त्यातलं बरंचसं टाकून द्या

दोन गोष्टी लागतात: अडथळ्याला थेट उत्तर देणारी एखाद-दुसरी माहिती, आणि एक खरी गोष्ट.

माहितीचं असं असतं की शोधायला बसलं की ढिगाने सापडते आणि मग टाकवत नाही. रक्तदानाचंच घ्या. प्रत्यक्ष रक्त काढायला साधारण १० मिनिटं लागतात, तपासणी, फॉर्म आणि नंतरचं बसणं धरून तासाभरात माणूस मोकळा. एका वेळी ३५० किंवा ४५० मिली घेतात आणि मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर असतं. लाल पेशी थंड ठेवून साधारण ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स मात्र ५ ते ७ दिवसच. या सगळ्यातलं काय ठेवायचं? जे अडथळ्याला लागू पडतं तेवढंच. अडथळा वेळेचा असेल तर "तासाभरात मोकळे" हे ठेवा. "नंतर कधीतरी देईन की" असा असेल तर प्लेटलेट्सचे ५ ते ७ दिवस ठेवा, कारण त्यातून कळतं की हे एकदा भरून कपाटात ठेवायचं सामान नाही, दर आठवड्याला नवीन लागतं. बाकी आकडे कितीही खरे असले तरी टाका.

आकडा सांगताना तो हातात धरता येईल असा करा. "४५० मिली" ऐकून कुणाच्या डोळ्यासमोर काही येत नाही, "अर्ध्या लिटरच्या बाटलीपेक्षा थोडं कमी" म्हटलं की येतं.

आता गोष्ट. एका माणसाची, एका प्रसंगाची, आणि खरी. तुमची स्वतःची असेल तर उत्तमच, दुसऱ्याची असेल तर त्याची परवानगी घ्या. दोन नमुने देतो.

नमुना एक: "मित्रांनो, माझ्या कुटुंबावरही असा कठीण प्रसंग ओढवला होता आणि तेव्हा मला रक्ताचं महत्त्व समजलं."

नमुना दोन: "रात्री दोनला मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून फोन फिरवत होतो. कुणाला करायचा ते सुचेना म्हणून कॉन्टॅक्ट लिस्ट 'अ' पासून सुरू केली. 'प' ला पोचलो तेव्हा पहिला हो मिळाला. तो माझा मित्र पण नव्हता, त्याने कधीतरी माझा फ्रिज दुरुस्त केला होता."

दुसऱ्यात "कठीण प्रसंग" हा शब्द कुठेही नाही, पण जिना आहे, 'प' आहे, फ्रिज आहे. लोक नंतर फ्रिजवाला लक्षात ठेवतात आणि त्याच्यामागून बाकी सगळं त्यांना आठवतं.

सावधान: गोष्ट सांगून झाल्या झाल्या "आणि असे दरवर्षी लाखो लोक..." असं जोडू नका. २००७ साली छापून आलेल्या एका प्रयोगात हेच तपासलं होतं: एका लहान मुलीची माहिती दिली तेव्हा लोकांनी जास्त पैसे दिले, नुसते आकडे दिले तेव्हा कमी, आणि मुलीच्या जोडीला आकडे दिले तेव्हा मुलगी एकटी असतानापेक्षा कमी. आकडा आला की माणूस हिशोबाला बसतो आणि समोरचा एकजण त्या गर्दीत हरवतो. दोन्ही वापरायचे असतील तर लांब लांब ठेवा.

आणि गोष्ट रंगवताना वाढवू नका. ऐकणाऱ्यांत एकाला जरी खरी हकीगत माहीत असली की तुमचं पुढचं सगळं बोलणं पाण्यात.

## पायरी ४: आता शेवट लिहा, शब्दन् शब्द

हो, शेवट. सुरुवात अजून लांब आहे. शेवटची ४०-५० सेकंदं हा भाषणाचा एकमेव भाग आहे जो मी पूर्ण लिहून पाठ करतो.

का ते एका जुन्या प्रयोगावरून कळतं. १९६५ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात विद्यार्थ्यांना धनुर्वाताची लस घ्यायला सांगायचं होतं. काहींना भीतीदायक माहितीपत्रक दिलं, काहींना सौम्य. भीतीदायकवाल्यांची मतं जास्त बदलली, "घ्यायलाच हवी" असं ते जास्त म्हणाले, पण नुसत्या पत्रकावर प्रत्यक्षात लस घेणारे साधारण ३ टक्केच निघाले. ज्यांना पत्रकासोबत आरोग्य केंद्राची जागा दाखवणारा नकाशा दिला आणि तुझ्या आठवड्याच्या वेळापत्रकात तू कधी जाशील ते ठरव असं सांगितलं, त्यांच्यातले साधारण २८ टक्के गेले. मुलं शेवटच्या वर्षाची होती, म्हणजे कॅम्पस त्यांच्या पायाखालचाच. नकाशाने नवीन ज्ञान काही दिलं नाही, फक्त "घ्यायला हवी" चं "मंगळवारी लेक्चरनंतर जातो" करून दिलं. तुमच्या शेवटाचं काम नेमकं हेच.

शेवटात चार गोष्टी यायलाच हव्यात: आत्ता काय करायचं, कशाने, किती वेळात, आणि त्यानंतर काय होणार. आमच्या उदाहरणाचा शेवट असा:

"तुमच्या खुर्चीवर एक पिवळा कागद आहे, तो हातात घ्या. त्यावर गुरुवारच्या वेळा आहेत, सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत. तुमचा कॉल कितीला असतो ते बघा आणि त्याच्या आधीची किंवा नंतरची एक वेळ निवडून खूण करा. खाली नाव लिहा. गोळ्या चालू असतील, काही शंका असेल तर 'शंका' असं लिहा, डॉक्टर आधी तुमच्याशी बोलतील आणि ते नको म्हणाले तर विषय संपला. मी दोन मिनिटं इथेच थांबतोय, मग कागद गोळा करतो. गुरुवारी तुमच्या वेळेच्या तासभर आधी तुम्हाला मेसेज येईल."

यात "चला", "संकल्प करूया", "खारीचा वाटा" यातलं काहीही नाही. आवाज चढवायची जागाही नाही. वाचताना अगदी कोरडं वाटतं, मलाही सुरुवातीला वाटायचं, पण खोलीत ते चालतं, कारण तोपर्यंत भावना वगैरे जे काय जागं व्हायचं ते आधीच्या सहा मिनिटांत झालेलं असतं आणि आता माणसाला फक्त हाताला काम हवं असतं.

सावधान: इथे हमखास होणाऱ्या दोन चुका.

पहिली, "तुमच्यापैकी कुणीतरी पुढे या." डार्ली आणि लाटाने या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की मदत करू शकणारे जितके जास्त आहेत असं माणसाला वाटतं तितका तो स्वतः उठायला मागेपुढे बघतो. ६० जणांना "कुणीतरी" म्हणालात की प्रत्येकाला बाकीचे ५९ दिसतात. म्हणून कागद प्रत्येकाच्या खुर्चीवर, आणि वाक्य "तुमच्या खुर्चीवर".

दुसरी, लाज वाटायला लावणं. "गेल्या वेळी ६० पैकी फक्त ७ जण आले, काय म्हणायचं आता." बोलणाऱ्याला वाटतं लोक ओशाळतील. लोक मात्र ऐकतात की न येणं हेच इथलं नॉर्मल आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट उद्यानात लोक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे उचलून नेतात, तिथे पाट्यांचा प्रयोग केला होता. "आधीच्या बऱ्याच लोकांनी तुकडे नेलेत" अशा पाटीजवळ ठेवलेले जवळजवळ ८ टक्के तुकडे गेले, नुसतं "कृपया नेऊ नका" अशा पाटीजवळचे २ टक्क्यांपेक्षा कमी. सात आले होते ना, मग त्या सातांपैकी एकाने काय सांगितलं ते सांगा, "फक्त" सोडून द्या.

आणि एक गोष्ट तंत्राच्या बाहेरची. खोटी घाई करू नका, "आजच शेवटची संधी" खरंच तशी असेल तरच म्हणा. साहेब खोलीत असतील तर कागदावर कुणाचं नाव आहे नाही ते त्यांच्यासमोर दिसणार नाही असं बघा. रक्त देणं हा ज्याचा त्याचा निर्णय, दबावाने आलेलं नाव गुरुवारी सिक लीव्ह टाकतं.

## पायरी ५: मधला भाग, आता तो सोपा आहे

कृती ठरली, अडथळा माहितीय, गोष्ट आहे, शेवट तयार आहे. मध्ये काय ते जवळजवळ आपोआप पडतं. तरी क्रम हवा असेल तर पर्ड्यू विद्यापीठातल्या ॲलन मनरो यांनी १९३० च्या दशकात बसवलेला क्रम अजून चालतो: आधी लक्ष वेधा, मग गरज दाखवा, मग उपाय, मग तो केल्यावर कसं दिसेल त्याचं चित्र, आणि मग कृती. ७ मिनिटांत मी गोष्टीला आणि गरजेला मिळून अडीच मिनिटं देतो, उपायाला एक, अडथळ्याला दीड, चित्राला अर्धं, शेवटाला एक. बेरीज साडेसहा होते, उरलेलं अर्धं मिनिट हसण्याचं, खोकण्याचं आणि माईक नीट करण्याचं.

अडथळ्याचे दीड मिनिट जपून वापरा. तो तुम्ही स्वतःच काढा, त्यांच्याच शब्दांत, कुणी विचारायच्या आधी. "तुमच्यातले काहीजण मनात म्हणत असतील, तीन वाजता कॉल असतो. बरोबर आहे, माझाही असतो." इथे थांबा जरासं. मग उत्तर: "म्हणून वेळा सकाळी दहापासून ठेवल्यात आणि दर अर्ध्या तासाला फक्त ४ जण, म्हणजे रांगेत उभं राहायला नको." लक्षात घ्या, हे उत्तर नुसत्या शब्दांचं नाही, त्यासाठी आयोजकांशी बोलून वेळा तशा ठेवून घ्याव्या लागल्या. बऱ्याचदा अडथळा भाषणाने हटत नाही, व्यवस्था बदलून हटतो, आणि भाषणात ती बदललेली व्यवस्था फक्त सांगायची असते. (पायरी २ चार दिवस आधी करा म्हणालो ते यासाठी.)

आक्षेपाची टिंगल नको. "काही लोकांना सुईची भीती वाटते, लहान मुलांसारखी" असं म्हणून हशा मिळतो, आणि ज्याला खरंच भीती वाटते तो त्या क्षणी तुमच्यापासून तुटतो. आणि जो आक्षेप कुणाच्या मनातच नाही तो उकरूही नका, तुम्हीच सहा नव्या शंका पेरून जाल.

तपासा: मधल्या भागातलं प्रत्येक वाक्य वाचून विचारा, हे काढलं तर एखादं नाव कमी येईल का? उत्तर "नाही, पण छान वाटतं" असं असेल तर काढा.

## पायरी ६: सुरुवात सगळ्यात शेवटी

सुरुवातीचं फार कौतुक झालंय. गोष्टीच्या मधूनच सुरू करा, "रात्री दोनला मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून फोन फिरवत होतो", झालं. सन्माननीय अमुक तमुक, मला संधी दिल्याबद्दल आभार, मी काही मोठा वक्ता नाही, हे सगळं गाळा. उपचार म्हणून नावं घ्यावीच लागणार असतील तर पहिल्या गोष्टीनंतर घ्या, तोपर्यंत लोक ऐकायला लागलेले असतात.

## पायरी ७: कागदावरून तोंडात आणा

इथे मराठीत बोलणाऱ्यांची एक खास अडचण आहे. लिहायला बसलो की आपोआप निबंधाची भाषा येते. "रुग्णांना रक्ताची नितांत आवश्यकता भासत असते" असं लिहितो, आणि उभं राहून बोलताना ते दुसऱ्याच्या घरचं वाटतं. म्हणून मध्य भाग लिहूच नका, फोनमध्ये रेकॉर्डिंग लावा आणि समोर मित्र आहे असं समजून बोला, मग ते ऐकून लिहून काढा. "रक्त लागतं. आणि बाहेरून विकत आणून भागत नाही, कुणीतरी द्यावंच लागतं." हे तुमच्या तोंडातलं आहे.

पाठ करायचं ते फक्त पहिली दोन वाक्यं आणि पूर्ण शेवट. मधल्यासाठी एक कार्ड आणि त्यावर पाच-सहा शब्द: जिना, फ्रिज, ५ ते ७ दिवस, कॉल, अर्ध्या तासाला ४, पिवळा कागद. अख्खं पाठ केलं की एक शब्द अडला की पुढची गाडीच बंद पडते, आणि वाचून दाखवलं तर डोळे कागदात जातात.

तालीम मी अशी करतो: पहिल्यांदा एकट्याने, उभं राहून, मोठ्याने, टायमर लावून (मनातल्या मनात केलेली तालीम धरायची नाही, मनात सगळेच साडेचार मिनिटांत संपवतात). दुसऱ्यांदा रेकॉर्ड करून. तिसऱ्यांदा एका माणसासमोर, आणि संपल्यावर त्याला "कसं झालं?" विचारायचं नाही. विचारायचं, "मी तुला नक्की काय करायला सांगितलं, आणि कधी?" तो "रक्तदान करायला" म्हणाला तर शेवट परत लिहा. "कागदावर वेळ निवडून खूण करायला, आत्ता" म्हणाला तर झालं.

सावधान: आधीचा वक्ता लांबला तर तुमची ७ मिनिटं ४ होतील, हे धरूनच चला. काय कापायचं ते घरी ठरवून कार्डावर कंस करून ठेवा, आणि ते मधलंच असलं पाहिजे. ऐनवेळी लोक हमखास शेवट कापतात कारण तो शेवटी असतो.

## पायरी ८: खोली, कागद आणि पेन

हसू नका, सगळ्यात जास्त नावं इथे गळतात. कागद भाषण सुरू व्हायच्या आधी खुर्च्यांवर पाहिजेत, मध्येच वाटायला घेतले की पाचेक मिनिटांची कुजबुज. पेनं मोजून माणसांइतकी. क्यूआर कोड वापरणार असाल तर त्याच खोलीत, मागच्या रांगेतून, दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून बघा, बेसमेंटमधल्या हॉलमध्ये नेटवर्क नसतं हे मी भर भाषणात शिकलोय. स्कॅन केल्यावर लॉगिन मागणारा फॉर्म असेल तर तो फॉर्म नसल्यातच जमा.

कार्यक्रम ठरवणाऱ्याला एक विनंती आधीच करून ठेवा: माझ्यानंतर लगेच दुसरा वक्ता, सूचना किंवा आभार नकोत, दोन मिनिटं मोकळी द्या. नाहीतर तुम्ही "कागद हातात घ्या" म्हणता आणि पाठोपाठ कुणीतरी पार्किंगच्या सूचना सुरू करतं.

ज्यांचं नाव नक्की येणार आहे अशा दोघा-तिघांना वेगवेगळ्या रांगेत बसायला सांगा आणि लगेच लिहायला घ्या म्हणावं. ते खरंच रक्त देणार असतील तर यात फसवणूक काही नाही. शेजारचा लिहायला लागला की आपलाही हात पेनाकडे जातो.

## पायरी ९: उभे राहिल्यावर

तयारी झाली असेल तर इथे सांगण्यासारखं फार नाही. एकच गोष्ट सगळ्यांची चुकते. मागणी केल्यावर शांतता पसरते, ती सहन होत नाही, आणि माणूस बोलायला लागतो: "म्हणजे जमलं तर बघा, जबरदस्ती नाही हं, विचार करा आणि सांगा नंतर." एवढ्या कष्टाने आणलेला माणूस स्वतःच परत पाठवला. लोक त्या शांततेत वाचत असतात, कॉलची वेळ आठवत असतात, पेन शोधत असतात. मनात हळूहळू वीसपर्यंत मोजा. स्वतःचा कागद भरायला घ्या हवं तर, हाताला उद्योग मिळतो.

कुणी तिरकस प्रश्न विचारला तर त्याच्याशी सामना लावू नका, एका वाक्यात उत्तर द्या, "बाकीचं आपण नंतर बोलू" म्हणा आणि परत कागदावर या. शेवटचं वाक्य खोलीत तुमचं राहिलं पाहिजे, त्याचं नाही.

## पायरी १०: पुढचे २४ तास आणि गुरुवार

कागद गोळा केल्यावर त्याच दिवशी प्रत्येकाला मेसेज पाठवा, त्याने निवडलेल्या वेळेसकट: "गुरुवार, साडेअकरा, दुसरा मजला. कॉलच्या आधी मोकळे व्हाल." 'शंका' लिहिणाऱ्यांना आधी फोन. गुरुवारी तासभर आधी आठवण द्यायची असं शेवटात म्हणाला होतात, ती विसरलात तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला किंमत नाही.

मग तीन आकडे लिहून ठेवा: खोलीत किती होते, कागद किती भरले, प्रत्यक्ष किती आले. पहिल्या दोनात फरक मोठा असेल तर गडबड अडथळ्यात किंवा शेवटात आहे, दुसऱ्या-तिसऱ्यात मोठा असेल तर आठवणीत आणि व्यवस्थेत. आणि ज्यांनी कागद कोरा परत दिला त्यांच्यातल्या दोघांना, चिडवायला म्हणून नाही, सहज विचारा काय अडलं. आमच्याकडे एकाने सांगितलं, "वेळ होता, देणारही होतो, पण कागदावर रक्तगट लिहायची जागा होती आणि मला माझा माहीत नव्हता." तो रकाना आम्ही पुढच्या वेळी काढून टाकला, रक्तगट तिथे तपासतातच.